पश्चिमेच्या घरात ठेवलेलं गाठोडं

माहेरी किती दिवस राहायचं हे पूर्वी सासू ठरवायची. माझ्या वेळी ते पासपोर्टातल्या एका शिक्क्यानं ठरवलं. तीन महिने, आणि सोबत एक शब्द, पर्यटक. मी आंजीत जन्मले, आंजीच्या शाळेत मार खाल्ला, आंजीच्या विहिरीत दोनदा बादली पाडली, आणि त्याच आंजीत ऐंशीच्या दशकात मी पर्यटक म्हणून एसटीतून उतरले. उतरल्यावर पाहण्यासारखं काय होतं म्हणाल तर आमचा गोठा, गोठ्यातल्या दोन म्हशी आणि ओसरीवर बसलेले माझे आंधळे होत चाललेले वडील.

झालं होतं असं. नागपूरला नर्सिंग शिकून मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडला नोकरीवर गेले. आई मी शाळेत असतानाच वारली होती, तेव्हा विरोध करायला बाबा एकटेच होते. पण त्यांनी चौघांचा विरोध एकट्यानं केला. पोरगी लग्नाची झाली, ती एकटी सातासमुद्रापार जाणार, आणि कशाला, तर परक्यांची घाण काढायला, हे त्यांचे शब्द. मीही त्यांचीच मुलगी. मी पेटी भरली. निघायच्या दिवशी पाया पडायला गेले तर ते गोठ्यात म्हशीपुढे सरकीची ढेप कालवत बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी पाठीलाच नमस्कार केला. आमच्याकडे निघणाऱ्या माणसाला कुणी जा म्हणत नाही, येजो म्हणतात. बाबा काहीच म्हणाले नाहीत. म्हशीकडे पाहत राहिले.

त्यानंतर बारा वर्षं मी आले नाही. पहिली काही वर्षं रागानं, नंतरची नोकरी, लग्न आणि दोन मुलं यांच्या नावावर. मधे तिकडचा पासपोर्टही घेतला. तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही, कारण त्या पासपोर्टावर इकडे यायला काही लागत नसे. मग नियम बदलला आणि आम्हा लोकांनाही व्हिसा लागू झाला. त्याच सुमाराला भावाचं पत्र आलं की बाबांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू पिकलेत, भिंत कुठली आणि दार कुठलं कळत नाही, आणि ऑपरेशनला तयार नाहीत. का, तर म्हणतात, "पोरगी येत असन तं करतो. नाई तं मले कायले पाह्यजे डोळे?"

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात बसून रडले आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज दिला.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी पोचले. बाबांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. "आली का," म्हणाले. "आवाज थोच आहे. जेव आंधी." बारा वर्षांचा हिशेब एवढ्यात मिटला असं मला वाटलं, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात आयुष्य काढलेली. डोळ्यांतलं मला फारसं कळत नव्हतं, पण माझा अंदाज साधा होता. आल्या आल्या ऑपरेशन, आठ दिवसांनी पट्टी सुटणार, बाबा मला पाहणार, मग दिवाळी करून मी परत. पण बाबा म्हणाले, डोळ्याला हात लावायचा तो हिवाळ्यात. ही समजूत तेव्हा आमच्या भागात घराघरात होती, पावसाळ्यात डोळा पिकतो म्हणून. सेवाग्रामच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, मी समजावलं, भावानं हात जोडले. काही उपयोग झाला नाही.

"बाबा, मी राहते तिथं बारा महिने हिवाळाच असते," मी चिडून म्हटलं. "तिथं आले असते तर कवाही झालं असतं."

"मंग तिथलाच हिवाळा घेऊन याचा होता," बाबा म्हणाले. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाली.

दिवाळी झाली, सकाळी शेकोट्या पेटू लागल्या, तेव्हा कुठे बाबा गाडीत बसले. एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. आठव्या दिवशी पट्टी सोडली. खाटेशेजारी एका बाजूला पांढऱ्या कपड्यातली नर्स उभी होती आणि दुसऱ्या बाजूला निळ्या लुगड्यात मी. बाबांनी डोळे उघडले, नर्सकडे तोंड केलं आणि तिला म्हणाले, "बाई, तू वाळली काऊन वं?"

नर्स बिचारी माझ्याकडे पाहायला लागली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच असतं. डोळ्यातलं भिंग काढून टाकलेलं आहे, आता जाड काचेचा चष्मा लागेल, तेव्हा दिसेल. तोवर उजेड आणि रंग. चष्मा कधी? डोळा पुरता बसल्यावर, नंबर ठरल्यावर, दीड महिना तरी. मी बोटांवर मोजलं. चष्मा डिसेंबरच्या शेवटी. माझा व्हिसा नोव्हेंबरच्या शेवटी. बाबांना मी दिसणार होते ते मी गेल्यावर महिन्याभरानं.

दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला पोलीस कचेरीत गेले. परदेशी नागरिकांचं टेबल एका कोपऱ्यात होतं. त्यावर बसणारे बाबू साठीकडे झुकलेले, जाड चष्म्याचे, खांद्यावर गमछा. त्यांनी पासपोर्ट पाहिला, मग मला पाहिलं.

"गाव कोणतं?"

"आंजी. मोठी आंजी."

"कोणाच्या घरच्या?"

मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, अशी की ओळख नव्हती पण असायला हरकत नव्हती. मग ते शुद्ध सरकारी मराठीत म्हणाले, "अर्ज द्या. कारण लिहा. दवाखान्याचा दाखला जोडा. चौकशीला माणूस घरी येईल, तुम्ही तिथंच राहता का ते पाहून जाईल. मग अर्ज वर पाठवू. उत्तर येईपर्यंत गाव सोडू नका."

आंजी सोडू नका, हे मला सरकारनं सांगायची वेळ आली. कारणाच्या रकान्यात काय लिहावं सुचेना. शेवटी लिहिलं, वडिलांनी मला अद्याप पाहिलेले नाही. बाबूंनी वाचलं, खोडलं नाही, शिक्का मारला.

घरी येऊन मी हे सगळं बाबांना सांगितलं, आणि तिथंच चूक केली. बाबांनी सगळं सोडून एकच गोष्ट धरली, तारीख. सरकारनं तारीख दिली आहे आणि ती चुकणार आहे. माझे वडील जन्मात कुणाचं काही चुकवणारे नव्हते. तीन दिवस ते तारखाच मोजत होते. चौथ्या दिवशी, म्हणजे व्हिसाच्या शेवटच्या दिवशी, सकाळी मला जवळ बोलावून म्हणाले, "विलायत कोणत्या दिशेले आहे?"

"पश्चिमेले."

"तुह्या आंगावरचा एक कपडा दे. आज तुहा पस्ताना ठेवतो."

पस्ताना म्हणजे प्रस्थान. मुहूर्त आजचा आहे पण निघणं जमत नाही, अशा वेळी प्रवाशाचा एखादा कपडा, सुपारी, हळकुंड, चार तांदूळ असं फडक्यात बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस घरात असला तरी मुहूर्तावर निघाला असं धरतात. मग चार-पाच दिवसांत ते गाठोडं उचलून खरं निघायचं. घरातलं वडीलधारं माणूस हे करतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझा पस्ताना कुणी ठेवला नव्हता.

मला हसू आलं आणि मी ते दाबलं. माझा एक जुना ब्लाउज दिला. बाबांनी ते सगळं हातानं चाचपत बांधलं, गाठ दोनदा मारली. पुढची पंचाईत अशी की आमच्या पश्चिमेचं घर ज्या काकांचं होतं त्यांच्याशी बाबांचं धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भांडण होतं आणि दहा वर्षं बोलणं बंद होतं. भाऊ म्हणाला, दक्षिणेला ठेवू, काय फरक पडतो. बाबा म्हणाले, "दक्षिणेले कायले? थिले मारतं का?"

आणि ते स्वतः गेले. डॉक्टरांनी वाकायचं नाही असं सांगितलं होतं म्हणून मान ताठ ठेवून, उजेड लागू नये म्हणून डोळ्यावर हिरवी पट्टी, भावाचा हात धरून, गाठोडं छातीशी. पश्चिमेच्या काकांनी दार उघडलं. बाबा म्हणाले, "पोरीचा पस्ताना आहे." काकांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि देवाजवळच्या कोनाड्यात ठेवलं. वाद बांधाचा होता, पस्तान्याला कुणी नाही म्हणत नाही. त्या दिवशी मला माझं गाव फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी मी बाबांचं डोळ्यातलं औषध आणायला सेवाग्रामला गेले. नेमका त्याच दिवशी चौकशीचा शिपाई आला. भाऊ आणि वहिनी कापूस वेचायला शेतात. ओसरीवर बाबा एकटे.

त्यांचं काय बोलणं झालं ते मला तेव्हा कळलंच नाही. बाबांनी संध्याकाळी एवढंच सांगितलं की पोलीस आला होता, चांगला माणूस होता, पाणी प्यायला. मी आठवडाभर उत्तराची वाट पाहिली आणि मग वर्ध्याला गेले.

बाबूंनी फाइल उघडली. चष्मा वर केला, खाली केला.

"बाई, तुम्ही तर गेल्या."

"कुठं गेले?"

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. अर्जदार महिला मुदतीच्या दिवशी गाव सोडून गेल्याचे तिच्या वडिलांनी समक्ष सांगितले. खाली बाबांचा अंगठा. ते सही करत, पण त्या डोळ्यानं सही कुठली.

"हा कागद वर गेला की तुमचा अर्ज बंद," बाबू म्हणाले. "आणि तुम्ही इथं उभ्या. व्हिसा नाही, अर्ज नाही. याला काय म्हणतात माहीत आहे ना?"

मला माहीत होतं. आधी भीती वाटली, मग राग आला, आणि राग आमच्या घराण्यात भीतीपेक्षा बळकट. मी त्या टेबलासमोर उभ्या उभ्या बाबांना बोलून घेतलं, जणू ते समोरच बसलेत. म्हटलं, या माणसानं मला जाताना पाहिलं नाही, येताना पाहिलं नाही, आणि आता घरात असताना गेली म्हणून सांगतो. बारा वर्षांचं सगळं तिथं बाहेर पडलं. बाकीची टेबलं लिहायची थांबली. मग मी पस्तान्याचं आणि शिपाई आला तेव्हा औषध आणायला गेल्याचं सांगितलं.

बाबू हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांची सरकारी मराठीच तेवढी गळून पडली.

"पस्ताना कोनं ठेवला? म्हाताऱ्यानं सोता?"

"हो. पट्टी बांधून गेले होते."

"किती दिस झाले?"

"आठ."

"पस्तान्याले पाच दिसाची मुदत असते. थेही संपली तुमची," असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली आणि ती बाहेर जाणाऱ्या गठ्ठ्यात न ठेवता खणात ठेवली. "मी रविवारी येतो. म्हाताऱ्याचं बयान पुन्हा घ्या लागन. तुमी घरीच राह्यजा. कुठं औषध आणाले जाऊ नका, माय."

घरी येताना मी एसटीत सगळं बोलणं तयार केलं होतं. ओसरीवर पाय ठेवताच सुरुवात केली, "तुमी काऊन सांगतलं मी गेली म्हणून?" बाबा गडबडले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचे हात मांडीवर काहीतरी शोधायला लागले.

"तारखेले गेली म्हणून लिहून घेतलं तं तुले धरणार नाईत, असं वाटलं मले," ते म्हणाले. "अन् मी लबाड बोललो नाई. पस्ताना झाला होता ना." थोडं थांबून म्हणाले, "मागच्या वक्ती ठेवला नव्हता. म्हणून या वक्ती बरोबर ठेवला."

माझं तयार केलेलं बोलणं तिथंच संपलं. मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांचे ते शोधणारे हात धरले.

रविवारी बाबू सकाळच्या एसटीनं आले. वहिनीनं चहा दिला. त्यांनी आधी पश्चिमेच्या घरी जाऊन कोनाड्यातलं गाठोडं पाहिलं, काकांना दोन प्रश्न विचारले, मग बाबांसमोर बसले.

"बुढाजी, पोरगी कुठं आहे?"

"हे काय, मांगं उभी आहे."

"मंग गेली म्हणून काऊन सांगतलं?"

"पस्ताना ठेवला म्हणजे गेलीच धरतेत. तुमच्यात नाई धरत?"

"आमच्या घरी धरतेत," बाबू म्हणाले. "कचेरीत नाई धरत." आणि त्यांनी अर्धा तास लावून दोन पानं लिहिली. शेवटी वाचून दाखवलं. स्थानिक रूढीनुसार प्रस्थान ठेवल्याने वृद्ध व दृष्टिहीन पित्याचा प्रामाणिक गैरसमज झाला, महिला गावातच आहे, पंचांनी समक्ष पाहिले. पंच म्हणून पश्चिमेच्या काकांची सही. दहा वर्षांनी दोन्ही घरांची नावं एका कागदावर आली, आणि ती धुऱ्याच्या दाव्यात आली नाहीत.

उत्तर आलं. मुदतवाढ मिळाली, पण अर्ज केल्याप्रमाणे दोन महिन्यांची नाही. पंधरा दिवसांत देश सोडावा. बाबू ओशाळून म्हणाले, यापेक्षा जास्त त्यांच्या हातात नव्हतं. मी त्यांना वाकून नमस्कार केला. त्यांनी जे केलं होतं ते कुठल्या नियमात बसत होतं मला अजून माहीत नाही.

पण पंधरा दिवसांनी चष्मा येणार नव्हता. मी परत डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि सरळ सांगितलं की चष्मा नको, मला फक्त बाबांना एकदा दिसायचं आहे. त्या थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, नंबर अजून पक्का होणार नाही, पण तपासायची चौकट असते, तीत काचा घालून बघू. निघायच्या दोन दिवस आधी घेऊन या.

ती चौकट लोखंडी, गोल, दोन्ही बाजूंना खिट्ट्या. बाबांच्या नाकावर ती बसवली तेव्हा ते कुठल्याशा यंत्राला जुंपल्यासारखे दिसत होते. डॉक्टरीणबाई काचा घालत होत्या, काढत होत्या. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता. वरचं अक्षर दिसतं का? नाही. आता? थोडं. आता? बाबांनी अक्षर वाचलं. दुसरं वाचलं. मग तक्ता सोडून त्यांनी मान वळवली.

डॉक्टरीणबाईंनी काचा तशाच राहू दिल्या. बाबा माझ्याकडे पाहत राहिले. माझं कपाळ, केस, हात, पायांतल्या चपलासुद्धा. मला लाजल्यासारखं झालं, लग्नाला दाखवायला बसल्यासारखं.

"पिकली वं तू," शेवटी ते म्हणाले.

"चाळिशी जवळ आली बाबा."

"हाव. मी चोवीसचीच समजून राह्यलो होतो." त्यांनी हात पुढे करून माझ्या कानामागचे पांढरे केस बोटानं मागे सारले. "त्या वक्ती पाहून घेतलं असतं तं येवढे वर्स अंदाजानं नसते काढा लागले. चुकलं माह्यं."

मी रडले. तेही रडत होते, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आजोबा, या डोळ्यानं रडायचं नाही अजून. मग चौकट काढून घेतली, कारण बाहेर रांग होती. एकंदर दहा मिनिटं झाली असतील.

निघायच्या दिवशी बाबा गोठ्यात नव्हते. ते माझ्याबरोबर पश्चिमेच्या घरापर्यंत चालत आले. मुदत केव्हाच संपलेली, तरी काकांनी जपून ठेवलेलं गाठोडं दिलं. प्रस्थानाच्या रिवाजाप्रमाणे आता मागं फिरून घरात जायचं नव्हतं, म्हणून मी तिथंच, काकांच्या अंगणात, बाबांच्या पाया पडले. या खेपेला पाठीला नमस्कार करावा लागला नाही.

"येजो," बाबा म्हणाले. मग एसटी येईपर्यंत आणखी दोनदा म्हणाले.

जानेवारीत भावाचं पत्र आलं. चष्मा आला होता. काचा बाटलीच्या बुडासारख्या, पण बाबांना सगळं दिसत होतं, काकांच्या घराची कौलंसुद्धा मोजता येत होती. भावानं विचारलं, "बाबा, एवढा चष्मा आला अन् तुमी दिवसभर गोठ्यातच काऊन बसता?" बाबा म्हणाले, "जे पाहाचं होतं थे पाह्यलं. आता म्हशी पाहून राह्यलो."